दुपारी थरथरणारी जमीन

प्रश्न : आमच्या विज्ञान मंडळाने वस्तीपासून दूर, पठारावर भूकंपमापक बसवला आहे. १०० वॅटचं सौर पॅनेल आणि ४० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आहे. यंत्र आणि मोडेम मिळून ५ वॅट घेतात, घड्याळ इंटरनेटवरून जुळतं. सेन्सर पॅनेलच्या खांबाच्या चौथऱ्यातच पक्का केला आहे. आभाळ भरून आलं की तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडतं. शिवाय रोज दुपारी बारीक कंप नोंदले जातात. ते खरे असतील का? आणि पॅनेल मोठं घ्यावं का?

उत्तर : पॅनेल मोठं घेऊ नका. ते वाऱ्याला जास्त अडवेल आणि तुमचे दुपारचे कंप वाढतील.

माझ्या पहिल्या केंद्रावर मीही असंच केलं होतं. खड्डा एकदाच खणायचा, सिमेंट एकदाच कालवायचं, म्हणून खांब आणि सेन्सर एकाच चौथऱ्यात. दोन आठवडे आम्ही समजत होतो की लहान भूकंपांची मालिकाच सुरू आहे. मग एका दुपारी मी खांबाला तळहात लावून उभा राहिलो. झुळूक आली की खांब हाताला कळेल इतका थरथरायचा, आणि तीच थरथर नोंदीत उमटायची.

तुमच्या नोंदी नीट पाहा. जवळच्या भूकंपाला स्पष्ट सुरुवात असते : आधी वेगाने येणारा पी तरंग, मागून हळू पण जोरकस एस तरंग. दोन्ही पोहोचण्यात जितके सेकंद जातात त्यांना ८ ने गुणलं की साधारण अंतर कळतं; ३ सेकंद म्हणजे २४ किलोमीटर. वाऱ्याच्या नोंदीला असं तोंड नसतं. रेघ हळूहळू जाड होते आणि वारा पडला की विरते.

सेन्सर खांबापासून निदान १५ मीटर दूर न्या. झाडांपासूनही दूर ठेवा, कारण झाड डोललं की मुळं जमीन हलवतात. मीटरभर खणा, मुरूमच लागला तर जमेल तितकं खाली, पक्क्या खडकापर्यंत जा. खडक ब्रशने घासून धुवा आणि त्यावर काँक्रीटचा छोटा ओटा घाला. ओटा खड्ड्याच्या भिंतींना टेकता कामा नये. केबल पाइपातून पुरा, सेन्सरजवळ तिचं एक सैल वेटोळं ठेवा. वर घट्ट झाकण आणि त्यावर माती. घाई करायचीच असेल तर दुसऱ्या कुठल्याही कामात करा, या खड्ड्यात नको.

आता बॅटरी. ५ वॅट म्हणजे दिवसाला १२० वॅट-अवर, १२ व्होल्टवर १० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली की लवकर मरते, म्हणजे तुमच्या ४० पैकी हाताशी २० च. दोन दिवसांची पुंजी, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बंद. पॅनेल मात्र चार तासांच्या चांगल्या उन्हात, घट धरूनही, २८० वॅट-अवरच्या आसपास देतं. गरजेच्या दुपटीहून जास्त. उणीव साठवणीची आहे. १०० अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, अजिबात ऊन नसलं तरी पाच दिवस निघतील. चार्ज कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरी उतरली की यंत्राची वीज तोडणाऱ्या उपकरणात, पुन्हा सुरू होण्याचा व्होल्टेज बंद होण्याच्या व्होल्टेजपेक्षा बराच वर ठेवा. नाहीतर पहाटे यंत्र चालू-बंद होत राहतं आणि मेमरी कार्ड खराब होतं.

मोडेम दिवसातून तासभरच चालवून वीज वाचवता येते, पण मग इंटरनेटच्या वेळेवर विसंबू नका. दशलक्षात १० भागांनी चुकणारं साधं घड्याळ दिवसाला ०.८६ सेकंद सरकतं, आणि पी तरंग पृथ्वीच्या कवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतो. एवढ्या चुकीने भूकंपाची जागाच बदलते. उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारी जीपीएस ॲंटेना लावा, मोकळं आकाश दिसेल अशी. ती खुशाल पॅनेलच्या खांबावर लावा. खांब वाऱ्याने हलला तरी वेळ बिघडत नाही.