संदेष्ट्यांचे इशारे वाचताना ते दुसऱ्यांसाठीच आहेत असे का वाटते?

आपण विचारले आहे की, बायबलमधील संदेष्ट्यांचे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांचे, इशारे वाचताना ते नेहमी दुसऱ्याच कोणाला तरी लागू होतात असे वाटते. मग स्वतःचे अंतःकरण तपासायचे कसे, आणि तपासताना अपराधाच्या ओझ्याखाली दबून जाऊ नये म्हणून काय करावे? मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबात वाढले, लहानपणापासून शास्त्रपाठ ऐकत आले आणि चाळिशी उलटेपर्यंत मलाही अगदी तसेच वाटत होते. माझा तो समज आमोस या संदेष्ट्याने मोडला, म्हणून त्याच्याविषयीच लिहिते.

आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. यरुशलेमच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर तकोवा नावाचे गाव होते. तिथे तो मेंढरे राखी आणि उंबराच्या झाडांची निगा करी. आपण संदेष्टाही नव्हतो आणि संदेष्ट्याचा पुत्रही नव्हतो, असे तो स्वतःच सांगतो. दक्षिणेकडच्या यहूदातला हा मेंढपाळ उत्तरेकडच्या इस्राएलाच्या राज्यात, बेथेल येथील राजाच्या पवित्रस्थानी जाऊन बोलला. तेव्हा तिथे दुसऱ्या यराबामाचे राज्य होते आणि दिवस भरभराटीचे होते. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना आमोस दटावतो, आणि राजधानी शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंतावरील कोरीवकामाचे तुकडे खरोखरच सापडले आहेत.

त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचावेत. तो आरंभ करतो शेजाऱ्यांपासून. दिमिष्काने गिलादाला लोखंडी यंत्रांनी मळून काढले; गज्जाने गावेच्या गावे धरून नेऊन विकली; सोर भावाभावांतला करार विसरला; अदोमाने तलवार घेऊन भावाचा पाठलाग केला; अम्मोनाने आपली सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांची पोटे चिरली; मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. प्रत्येक वेळी ‘तीन अपराधांमुळे, होय, चार अपराधांमुळे’ हेच पालुपद येते. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील, कारण ही सगळी राष्ट्रे त्यांच्या सीमांभोवतीची होती. सातवे नाव यहूदाचे, म्हणजे भाऊबंदांचे. आठवे नाव येते ते समोर बसलेल्या इस्राएलाचेच.

आता यातली खोच पाहावी. परराष्ट्रांच्या माथी मारलेले बहुतेक अपराध युद्धातल्या क्रौर्याचे आहेत. इस्राएलावर मात्र कत्तलीचा आरोप नाही. त्यांनी काय केले? गरिबाला पायतणाच्या एका जोडासाठी विकले. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर ते वेदीजवळ पहुडले. दंडाच्या वसुलीतला द्राक्षारस आपल्या देवाच्या मंदिरात प्याले. पुढे आठव्या अध्यायात दुकानदार विचारतात की, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, केव्हा एकदा संपेल आणि आम्हाला धान्य विकता येईल. माप लहान करू, किमतीची चांदी तोलायचे वजन मोठे करू आणि गव्हाचे भूसही विकू. आपल्याकडे ज्याला मापात पाप म्हणतात तेच हे, आणि तेही शब्बाथ पाळणाऱ्यांच्या हातून. (कोकणातले बेने इस्राएल यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्या बंद घाण्याचा अर्थ मला आमोस वाचल्यावर अधिक कळला: धंदा थांबला की त्याबरोबर मनातला हिशेबही थांबावा, अशी ती अपेक्षा आहे.)

आता माझी गोष्ट सांगते. आमच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्याने देतो. तिथे नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक मुलगी वर्षभर राहिली. ती खोली सोडून गेली तेव्हा तिच्या १०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून मी ४,५०० रुपये कापून घेतले आणि वहीत लिहिले, ‘रंगकाम, मागील भिंत’. कॉटमागच्या भिंतीचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, हे खरे होते. तिने त्यावर वाद घातला नाही. पुढच्याच रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण होता. त्या अर्पणाच्या पाकिटात मी २,००० रुपये घातले आणि मनापासून आभार मानले. ते आभार खोटे नव्हते. मी त्या दिवशी खरोखर कृतज्ञ होते.

सात महिन्यांनी पाळकसाहेबांनी आमोसाचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. आठव्या वचनातील गहाणाचे वस्त्र ऐकताना मला आधी आमच्या ओळखीचा एक सावकार आठवला, आणि मी मनात म्हटले की त्याने हे ऐकायला हवे होते. पाळकसाहेबांनी निर्गमच्या पुस्तकातला नियम सांगितला: गरिबाचे पांघरूण गहाण ठेवून घेतले तर सूर्य मावळण्याआधी ते परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ तेवढेच असते. ‘परत करावे’ हे शब्द कानी पडले आणि मला डिपॉझिट आठवले. त्यापाठोपाठ, कापून घेतलेला दंड आणि देवाच्या घरात दिलेले पैसे यांतले अंतर किती थोडे होते, तेही दिसले. भिंत ओली झाली होती ती गच्चीच्या गळतीने. गच्ची आमची होती.

म्हणून अंतःकरण तपासण्यासाठी मी अंतःकरणालाच प्रश्न विचारत बसत नाही. यिर्मया हा दुसरा संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सांगतो की, हृदय सर्वांत कपटी आहे, त्याचा भेद कोणाला कळत नाही. जे इतके कपटी आहे त्याचीच साक्ष काढून काय मिळणार? आमोस भावना विचारत नाही. तो माप, वजन, गहाण आणि दंड यांची नावे घेतो. मी हिशेबाची वही उघडते, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे खाडे पाहते, कोणाचे काय माझ्याकडे राहिले आहे ते पाहते. ज्या नोंदीवरून नजर चटकन पुढे सरकते, तिथे थांबते.

अपराधाच्या ओझ्याविषयी मला एवढेच कळते की, आमोस त्या ओझ्याखाली बसून राहायला सांगत नाही. पाचव्या अध्यायात तो म्हणतो, बऱ्याच्या मागे लागा, म्हणजे जगाल. वेशीत न्याय स्थापन करा. कदाचित परमेश्वर कृपा करील. त्या ‘कदाचित’मुळे मला हायसे वाटत नाही, पण उठून काहीतरी करण्याचे बळ येते. ज्याची परतफेड करता येते अशा गोष्टीसाठी नुसते रडत बसणे मला आता आळसासारखे वाटते.

त्या रविवारी दुपारी मी त्या मुलीला फोन केला, माफी मागितली आणि पैसे परत पाठवते म्हणून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “काकू, ओल आल्याचं मी तेव्हाच कळवलं होतं तुम्हाला.” मला असे काहीच आठवत नव्हते, आणि मी तिला तसे सांगितलेही. फोन ठेवल्यावर मी तिचे जुने मेसेज वर सरकवत गेले. जुलैमधला तो मेसेज सापडला: ‘काकू, कॉटमागच्या भिंतीला ओल येत आहे.’ त्याखाली माझे उत्तर होते: ‘बघते.’