लष्करी आवारात खोदकाम करताना जुनं काही निघालं तर कोणाला कळवायचं? काम बंद पडतं का?

काम थांबतं, पण तेवढ्या टप्प्यापुरतं. तुम्ही म्हणता की ठाण्यात संरक्षण खात्याच्या जागेत ड्रेनेजचं काम घेतलंय. मग जेसीबी लगेच बाजूला घ्या आणि एमईएसच्या, म्हणजे लष्कराची बांधकामं बघणाऱ्या खात्याच्या, इंजिनिअरला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणालाच आठवत नाही.

कायदा जुना आहे. १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. उरणकडे काम असेल तर तो रायगड जिल्हा, म्हणून कलेक्टर अलिबागचा, ठाण्याचा नाही, यात भलेभले चुकतात. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणं ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू. मुकादमाने परस्पर विकली तर प्रकरण तुमच्यावर शेकेल.

ठाण्यात हे पूर्वीही घडलंय. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. पुढे १७८७ मध्ये किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खोदताना कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा (इ.स. १०१७) ताम्रपट, म्हणजे दान कोरलेला तांब्याचा पत्रा, निघाला. कोणीतरी तो वितळवला नाही, कलकत्त्याच्या अभ्यासकांपर्यंत पोचवला, म्हणून ते दान आज वाचता येतं.

ताम्रपट ओळखू येतो, दगड येत नाही. गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, बघा: वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरं, खाली गाढवाचं शिल्प. अर्धा गाडलेला असेल तर मजुराला तो कुंपणाचा खांब वाटतो. शेंदूर फासलेला असेल तर अक्षरं दिसतच नाहीत. तारेच्या ब्रशने घासू नका, हलवूही नका. कुठे, किती खोल आणि कोणत्या बाजूला तोंड करून होता, यातच निम्मी माहिती असते. फोटो अधिकाऱ्यांनाच काढू द्या. तुमच्या मोबाइलमधला फोटो व्हॉट्सॲपवर फिरला तर दगडापेक्षा तुमचीच चौकशी आधी होईल.

लष्कराच्या जागेत असलं काही टिकत नाही, हा समज मला पटत नाही. उलट घोडबंदर रोडला कुंपणाबाहेर टॉवर उठले, तिथे जमिनीत काय होतं ते कोणी पाहिलं?

अमेरिकेत १९६६ च्या वारसा कायद्यामुळे लष्करी तळावरही काम सुरू होण्याआधीच ही तपासणी होते. तुम्ही निदान खोदण्याआधी इंजिनिअरसोबत लाइन पायी फिरून बघा, जुनी विहीर, देऊळ, घडीव दगड नकाशावर टाकून घ्या. आणि वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी अशा कारणासाठी मुदतवाढ मिळते का, ते कलम वाचा.