दहा दिवसांनी कळणारी चूक

प्रश्न : महोदय, मी आमच्या गावातील प्राथमिक दूध संस्थेचा संचालक आहे. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर आमचे दूध कमी प्रतीचे ठरल्याचे आम्हाला दहा दिवसांच्या बिलासोबत कळते आणि त्यावर चर्चा होते ती मासिक सभेत. आम्ही कॅन धुण्याची पद्धत बदलली, संकलनाची वेळ अलीकडे आणली, उत्पादकांना सूचनापत्रे वाटली, एका कर्मचाऱ्याचे काम बदलले. तरीही दुधाच्या दरातील कपात थांबत नाही. माहिती मिळत असूनही सुधारणा का होत नाही? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्याला माहिती मिळते, पण ज्या कामाविषयी ती असते ते काम करणाऱ्याच्या आठवणीतून पुसले गेल्यावर मिळते. तीन तारखेच्या संध्याकाळी कोणता कॅन शेवटी भरला, गाडीला किती उशीर झाला, वीज गेली होती का, हे बिल हाती येईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. मग सभेत ती जागा तर्काने भरली जाते, आणि तर्क बहुधा माणसावर येऊन थांबतो. आपल्या कर्मचाऱ्याचे काम बदलले ते कोणत्या पुराव्यावर, हे मंडळाने एकदा मोकळेपणाने तपासावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पहिल्या बदलाचा परिणाम दिसण्यापूर्वीच दुसरा बदल केला, की कपात कमी झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही, आणि वाढली तर चांगला उपायही रद्द होतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६०च्या सुमारास व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी एक खेळ तयार केला. त्यात बिअरचा किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात. ग्राहकाची मागणी एकदाच वाढते आणि पुढे तेवढीच राहते; तरीही माल यायला काही आठवडे लागत असल्यामुळे, आधी नोंदवलेला माल वाटेत आहे हे विसरून खेळाडू पुन्हा पुन्हा मागणी वाढवतात आणि अखेर गोदामे तुंबतात. हुशार माणसेही या खेळात तशीच चुकतात, कारण दोष विलंबाच्या रचनेत असतो.

आपल्याकडील विलंब मात्र दोन प्रकारचा आहे आणि ते वेगळे ओळखायला हवेत. काही विलंब निसर्गाचा आहे: वैरण किंवा पेंड बदलल्यावर फॅटमधील फरक स्थिरावायला एक-दोन आठवडे लागू शकतात, तिथे थांबण्याला पर्याय नाही. दुसरा विलंब कागदाच्या प्रवासाचा आहे. केंद्रावर दूध तपासले जाते त्याच दिवशी निकाल तयार असतो. तो बिलात, बिलातून सचिवांच्या फाइलमध्ये आणि तिथून सभेत जाईपर्यंतचा वेळ आपणच निर्माण केलेला आहे. काट्यावर फॅट मोजून तिथेच पावती देणारे यंत्र आले तेव्हा उत्पादकाला आजच्या दुधाचा आकडा आजच दिसू लागला. संस्थेला स्वतःच्या दुधाबाबत ती सोय का नसावी?

म्हणून संघाकडे लेखी मागणी करा की प्रतीचा निकाल त्याच दिवशी फोनवर कळवावा, आणि तो संकलन खोलीतील फळ्यावर लिहावा, म्हणजे कॅन भरणाऱ्याच्या नजरेस तो थेट पडेल. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याची चाचणी संस्थेतही करता येते; दुधात जंतू जितके जास्त, तितका हा रंग लवकर जातो: १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर द्रावण घालून नमुना ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचा. निळा रंग ५ तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर निकृष्ट. प्रत्येक कॅनचा नमुना वेगळा ठेवला तर नेमका कोणता कॅन बिघडवतो हे दुसऱ्या संकलनापूर्वीच कळेल. सोबत एका वहीत शेवटचा कॅन भरल्याची आणि गाडी निघाल्याची वेळ रोज नोंदवा.

यापुढे एका वेळी एकच बदल करा आणि त्याचे निकाल किमान एक बिल पूर्ण होईपर्यंत पाहा. सुरुवात संध्याकाळच्या दुधापासून करावी, कारण न थंडावलेल्या दुधात जंतू झपाट्याने वाढतात आणि गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ सहसा कोणाच्या नोंदीत नसतो.