नोकरी देताना कंपन्या कॉलेजचं रँकिंग खरंच बघतात का?

तुम्ही विचारलंय की रँकिंगमध्ये शे-दीडशे जागा खाली असलेल्या विद्यापीठात मनासारखा विभाग मिळतोय, वरच्या विद्यापीठात मात्र दुसराच विषय घ्यावा लागेल, तर पुढे नोकरीच्या वेळी हा आकडा आडवा येईल का?

मी भरतीच्या कामात आहे, तेही मुख्यतः फ्रेशर्सच्या. समोर रेझ्युमे आणि शेजारी क्यूएसची (जागतिक विद्यापीठ रँकिंगची) यादी उघडून बसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण म्हणून कॉलेजला काही किंमतच नाही असं समजू नका. नाव बघितलं जातं, नंबर नाही.

कॉलेजचा निर्णय बहुतेक वेळा तुम्ही अर्ज करण्याच्या आधीच झालेला असतो. कोणत्या कॅम्पसवर जायचं याची यादी हंगामाआधी ठरते. ती ठरवताना होणारी चर्चा अगदी साधी असते. तिथून याआधी घेतलेली मुलं टिकली का, ऑफर दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, प्लेसमेंट ऑफिस मेलला उत्तर देतं का, आपल्यातले कोण तिथले माजी विद्यार्थी आहेत. हा शेवटचा मुद्दा कागदावर कधीच येत नाही, पण वजन त्याचंच जास्त असतं. रँकिंगची आठवण होते ती कंपनी एखाद्या नव्या देशात किंवा नव्या क्षेत्रात भरती सुरू करते तेव्हा, कारण तिथला स्वतःचा अनुभव शून्य असतो. एकदा कॉलेज यादीत आलं की पुढे ते बऱ्याचदा सवयीनेच राहतं. बाहेरच्यांसाठी हे अन्यायाचं आहे, यात वाद नाही.

शिवाय या याद्या मोजतात काय, तेही बघा. शांघायची जागतिक विद्यापीठांची यादी २००३ पासून निघते आणि तिचे ३० टक्के गुण माजी विद्यार्थी व प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांचे असतात. ज्युनिअर अकाउंटंट निवडताना मी त्याचं काय करू? क्यूएसमध्ये नोकरी देणाऱ्यांच्या मताला २०२४ च्या यादीपासून १५ टक्के वजन आहे, आधी ते १० होतं. पण तेही अख्ख्या संस्थेबद्दलचं मत. सर्वेक्षण भरणारा माणूस ऐकलेलीच नावं लिहिणार, आणि ती नावं त्याच्या कानावर पडलेली असतात त्याच याद्यांमुळे! आकडे संस्था स्वतःच पुरवत असतील तर आणखी एक भानगड होते. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाच्या आकडेवारीवर शंका घेतली आणि यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून १८ वर आलं. तेवढ्या काळात तिथल्या पदवीधरांची लायकी १६ पायऱ्या उतरली नव्हती.

आता जिथे नाव खरंच चालतं ती ठिकाणं. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या, गुंतवणूक बँका, बड्या लॉ फर्म. इथे ग्राहकाला दाखवायलाही नाव लागतं, म्हणून दार अरुंद असतं. परदेशातही फरक पडतो, कारण तिथल्या एचआरला तुमचं कॉलेज ओळखीचं नसतं. ब्रिटनने २०२२ मध्ये नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा सुरू केला तेव्हा अटच अशी होती की विद्यापीठ तीन जागतिक याद्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या ५० मध्ये हवं. असा काही बेत असेल तर नंबर नक्की बघा. आणि एका जागेसाठी अर्जांचा ढीग आला की काही ठिकाणी कॉलेजच्या नावावरून सरळ चाळणी लावतात. मला ते आळशीपणाचं वाटतं, पण होतं.

उलट दिशेनेही बदल चालू आहे. डेलॉइट या ऑडिट-कन्सल्टिंग कंपनीने २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या भरतीत मुलाखत घेणाऱ्यांपासून उमेदवाराच्या विद्यापीठाचं नाव लपवायचं ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये कोडिंग टेस्ट, डिझाइनमध्ये पोर्टफोलिओ आधी बघतात. ठरावीक प्रश्नांची, सगळ्यांना सारखीच मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना यावरून पुढच्या कामगिरीचा अंदाज शिक्षणाच्या वर्षांपेक्षा कितीतरी चांगला येतो, हे संशोधनातून वारंवार दिसलंय.

पहिल्या नोकरीनंतर तर प्रश्नच बदलतो. तीन-चार वर्षांच्या अनुभवाचा रेझ्युमे मी वाचतो तेव्हा शिक्षणाचा रकाना शेवटी येतो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये मांडलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळूनही ज्यांनी कमी नावाजलेलं कॉलेज निवडलं, त्यांची पुढची कमाई सरासरीने नामांकित कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा; त्यांना नावाचा फायदा झाला. घरातून ओळखीपाळखी नसतील तर कॉलेजच त्या मिळवून देतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. तुमची परिस्थिती तशी असेल तर हे पारड्यात धरा.

नसेल, तर मी विभाग निवडेन. मात्र आधी लिंक्डइनवर त्याच विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं शोधा आणि ती आज कुठे आहेत ते बघा. त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारा की कोणत्या कंपन्या दरवर्षी येतात आणि कोणत्या एकदाच येऊन गेल्या. प्लेसमेंट ऑफिस सर्वांत मोठं पॅकेज सांगेल, तुम्ही मीडियन, म्हणजे सगळी पॅकेजेस चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा. तो किती मुलांवरून काढलाय हेही विचारा, कारण नोकरी न मिळालेल्यांना हिशेबातून वगळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेवढ्यापुरता माझा वरचा सल्ला मागे घेतला असं समजा.