पोटाचे प्रश्न : कॅलप्रोटेक्टिन वाढलं म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली का?

प्रश्न : वय 31. अडीच महिने दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतं, आव पडते, कधी रक्त दिसतं. शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन 480 आलं. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सांगितली आहे. घरचे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, गुळवेलीचा काढा घे. तपासणीआधी आठ दिवस कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेत होतो. त्यामुळे आकडा वाढला असेल का?
— वाचक, सातारा

उत्तर : काढा नको. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. एरवी रक्तात फिरणाऱ्या या पेशी आतड्याच्या आवरणातून आत उतरून मरतात, तेव्हा ते शौचात सापडतं. मोठ्या माणसात एका ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक, 250 च्या वर बहुधा खरी सूज. म्हणजे तुमच्या पेशी कमी पडलेल्या नाहीत, नको तितक्या जमल्या आहेत.

मोठ्या आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. वर चिकट द्रवाचा थर आणि त्यापलीकडे अब्जावधी जंतू. त्या प्रत्येकाशी लढत बसलं तर आतडंच सोलून निघेल. म्हणून इथल्या मॅक्रोफेज पेशी आत शिरलेला जंतू गुपचूप गिळतात, आरडाओरडा करत नाहीत. नियामक टी-पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. या टी-पेशी ज्या जनुकावर चालतात ते जन्मतः बिघडलेल्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच भयंकर जुलाब लागतात. हा लगाम किती मोलाचा आहे, ते तिथे दिसतं. त्यावरच्या मूलभूत संशोधनाला 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात हाच लगाम सुटतो, न्यूट्रोफिल धावून येतात, अस्तरातल्या ग्रंथींत पू साठतो, व्रण होतात. रक्त आणि आव तिथून येते.

डायक्लोफेनॅकने आकडा वाढू शकतो, हे खरं. पण अडीच महिन्यांच्या रक्ताचा दोष आठ दिवसांच्या गोळ्यांवर टाकू नका. जंतुसंसर्गातही आकडा चढतो, म्हणून शौचाची अमिबा व जंतूंसाठी तपासणी आधी झालेली हवी. पुन्हा नमुना द्यायचा झाला तर दोन आठवडे अशी वेदनाशामकं टाळा आणि नमुन्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका.

कोलोनोस्कोपी मात्र पुढे ढकलू नका. छोट्या आतड्याचं टोकही पाहायला आणि चांगल्या दिसणाऱ्या भागाचेही तुकडे घ्यायला सांगा. आपल्याकडे आतड्याचा क्षय (टीबी) हुबेहूब क्रोन्ससारखा, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या एका जुनाट आजारासारखा, दिसतो. क्रोन्स समजून चुकून सूज दाबणारं स्टिरॉइड सुरू झालं तर क्षय उसळतो. गुळवेलीबद्दल एवढंच : ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आतड्याच्या अशा सुजेवरची काही औषधंही यकृतावर ताण देतात.

प्रश्न : भावाला क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब द्यायचं आहे. खोकला नसताना छातीचा एक्स-रे कशाला?
— वाचक, नांदेड

उत्तर : शरीरात दडून बसलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचं कडं असतं. ते टिकतं टीएनएफ या रसायनामुळे, आणि हे इंजेक्शन नेमकं तेच अडवतं. म्हणून पहिल्या डोसआधी एक्स-रे आणि दडलेला क्षय शोधणारी इग्रा (रक्ताची) किंवा माँटू (त्वचेवरची) चाचणी करतात. भाऊ स्टिरॉइड घेत असेल तर या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर ते आवर्जून सांगा. दडलेला क्षय निघाला तर आधी त्याचं प्रतिबंधक औषध, साधारण महिनाभराने इंजेक्शन. त्यानंतर कधीही संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट दिसली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना कळवा.