पित्ताला पायऱ्या कळत नाहीत
वाचकांचे प्रश्न : हृदय आणि रक्तवाहिन्या

या महिन्यातल्या पत्रांचा गठ्ठा जाड होता, कारण बहुतेकांनी रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. एका गृहस्थांनी तर अकरा पानं पाठवली आहेत. पण त्यांना नेमकं होतं काय, केव्हा होतं, कशानं थांबतं, याबद्दल अक्षर नाही! साताऱ्यात तीस वर्षं हृदयाचे पेशंट बघतोय. कागद वाचून मला छाती कळत नाही हो. म्हणून या वेळी पहिलं पत्र निवडलंय ते एकही कागद न जोडलेलं.

माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. आमचं किराणा दुकान आहे. तीन महिन्यांपासून पोतं उचलून आणताना किंवा जेवून लगेच पायऱ्या चढताना त्यांच्या छातीत जळजळतं आणि जबडा जड होतो. दोन मिनिटं टेकले की जातं. ते पित्त समजून सोड्याची पुडी घेतात. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. तरी ‘हार्टच्या डॉक्टरांना दाखवून या’ म्हणाले. मिस्टर म्हणतात, ‘ईसीजी चांगला आलाय. आता तिथं गेलो की मशिनीवर मशिनी लावून आजार काढतीलच.’ – एक वाचक, बार्शी

ताई, ‘दोन मिनिटं टेकले की जातं’ या शब्दांखाली मी लाल रेघ मारली आहे. पित्ताला पायऱ्या कळत नाहीत. ते जागरणानं चाळवतं, तिखटानं चाळवतं, जेवून आडवं झालं की वर येतं. माणूस उभा राहिला म्हणून दोन मिनिटांत ते शमत नाही. चढलं की येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता मोठी. १७६८ साली लंडनच्या विल्यम हेबर्डेन या डॉक्टरांनी अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं येणाऱ्या छातीच्या दुखण्याचं, वर्णन केलं, त्यात हेच आहे : चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर छातीत येतं, उभं राहिलं की नाहीसं होतं. तेव्हा ईसीजी नव्हता. हेबर्डेनना हे कळलं ते पेशंटचं ऐकून.

आता ईसीजीचं. तो कागद म्हणजे निवांत पडलेल्या माणसाच्या हृदयाची दहा सेकंदांची नोंद. दुकान बंद असताना गिऱ्हाईक किती येतं हे मोजण्यासारखं आहे ते. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बरीच अरुंद झाली तरी आराम करताना पुरेसं रक्त मिळतं आणि कागद स्वच्छ निघतो. पोतं उचललं की मागणी वाढते, पुरवठा अडतो आणि छाती बोलू लागते. मिस्टरांना हेच सांगा; दुकानदाराला मागणी-पुरवठा मी काय शिकवणार?

इथं एक कबुली देतो. नवा होतो तेव्हा मी प्रत्येकाला विचारायचो, ‘छातीत दुखतं का?’ कोरेगावकडचे एक शेतकरी आले होते. ‘न्हाई’ म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘न्हाई’. मी प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं, तेवढ्यात मागं उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, ‘मग मळ्याकडं जाताना त्या आंब्याखाली रोज का थांबता?’ त्यावर ते म्हणाले, ‘दुखत न्हाई डॉक्टर, नुसतं भरून येतं.’ पुढं त्यांच्या तीन नळ्यांत अडथळे निघाले. त्या दिवसापासून ‘दुखतं का’ विचारायचं सोडलं. आता विचारतो, ‘चालताना थांबावं लागतं का?’ आपल्या लोकांकडे या दुखण्याला शब्द तरी किती : भरून येतं, दाटतं, आवळतं, कोंडतं, दडपल्यासारखं होतं, गळ्याशी येतं, जळजळतं. कुणी बोलतच नाही, नुसती मूठ छातीवर ठेवतं. मधुमेहींना आणि बायकांना कधी छातीत काहीच होत नाही, फक्त दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं वाटतं. तेव्हा ताई, तुम्ही बरोबर जाच. नवरे डॉक्टरपुढं खोटं बोलतात असं नाही, पण अर्धं सांगतात.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. सोड्याची पुडी आणि काढेसुद्धा. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचा त्रास झाला असेल तर तो सांगा. तिथं आधी गप्पाच होतील, व्हायला हव्यात. मग बीपी, निदान पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं. पायाच्या नाड्या बघतील. पुन्हा ईसीजी, हृदयाचं पंपिंग आणि झडपा बघायला टू-डी इको, रक्तात साखर, चरबी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन अशासाठी की रक्त फार कमी असेल तर तेवढ्यानंही छाती भरते. नंतर बहुधा ट्रेडमिलवर चालवतील. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो आणि ईसीजी चालू असतो, म्हणजे तुमच्या दुकानाच्या पायऱ्याच त्या खोलीत आणल्या म्हणायच्या. त्यात काही दिसलं, किंवा लक्षणंच ठसठशीत असली, तर अँजिओग्राफी, म्हणजे रंगाचं औषध सोडून हृदयाच्या नळ्यांचं चित्र काढणं : सीटी अँजिओग्राफी किंवा मनगटातून नळी घालून करायची साधी अँजिओग्राफी.

मिस्टरांची मशिनींची भीती अगदीच खोटी नाही. नको त्या तपासण्या लिहिल्या जातात, मी पाहिलंय. त्यावर एक प्रश्न पुरतो : ‘डॉक्टर, या तपासणीनं माझ्या उपचारात काय बदलणार?’ सरळ उत्तर मिळालं तर करा. डॉक्टर चिडले तर दुसरे बघा.

भेटीची तारीख याच आठवड्यातली घ्या. तोवर पोती दुसऱ्या कुणीतरी उचलावीत. आणि मधेच छातीतलं टेकूनही गेलं नाही, पंधरा-वीस मिनिटं राहिलं, घाम फुटला, किंवा बसल्या जागी आलं, तर तारखेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. शेजाऱ्यानं दिलेली सॉर्बिट्रेट (नळ्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर तिनं माणूस कोसळतो. स्कूटरवर बसवून नेऊ नका. आणि थेट सोलापूर गाठायचं म्हणून ७० किलोमीटर वाया घालवू नका. जिथं ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं त्या जवळच्या दवाखान्यात आधी. ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जेवढं काम करतं तेवढं नंतर करत नाही. सोलापूर त्यानंतर.

बँकेतून निवृत्त, वय ६४. भराभर जिना चढलो तरच छातीत थोडं आवळतं, वर्षभर तेवढंच आहे. अँजिओग्राफीत एका नळीत ७० टक्के ब्लॉक निघाला. मी टेबलावर असतानाच डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून विचारलं, ‘आत्ताच स्टेंट टाकून घेऊ का?’ त्यानं विचार करायला वेळ मागितला. आता वाटतं, चूक तर झाली नाही ना? रात्री झोप लागत नाही. – एक वाचक, पुणे

मुलाला शाबासकी द्या. झटका चालू असताना स्टेंट, म्हणजे अरुंद नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, जीव वाचवतो, तिथं एक मिनिटही विचार करायचा नाही. पण तुमच्यासारख्या वर्षभर एका जागी थांबलेल्या दुखण्यात घाई कुणाचीच नसते.

लोकांच्या डोक्यात नळाचा पाइप बसलाय : कचरा अडकला, तो काढला, पाणी सुरू. हृदयाच्या नळीचा आजार तिच्या भिंतीत असतो, एका जागी नाही तर लांबवर. बरेचसे झटके अर्धवट अडलेल्या जागीच येतात. तिथला चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि नळी तासाभरात बंद होते. सत्तर टक्क्यांच्या जागी स्टेंट बसवला तरी बाकीची भिंत होती तशीच राहते. तिला सांभाळतं कोण? स्टॅटिन (चरबी उतरवणारी गोळी), ॲस्पिरिन, बीपी-साखरेवरचा ताबा आणि तंबाखू सोडणं.

हे माझं मत नाही. २००७ साली करेज आणि २०२० साली इस्केमिया हे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. दुसऱ्यात पाच हजारांवर पेशंट होते. स्थिर अंजायनामध्ये, चांगल्या औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचा त्रास मात्र स्टेंटवाल्यांना कमी झाला, हेही खरं. म्हणजे औषधं नीट घेऊनही जिना चढवत नसेल तर स्टेंट घ्या, खुशाल घ्या. चढवत असेल तर थांबा.

याला अपवाद आहेत. डाव्या मुख्य नळीतच अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, किंवा दुखणं अलीकडे वाढत चाललं असेल, तर हा सल्ला तुम्हाला लागू नाही. म्हणून अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा रिपोर्ट मागून घ्या (तो तुमचा हक्क आहे) आणि दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला दाखवा. त्यांना नुसते ‘सत्तर टक्के’ सांगू नका. नळी कोणती, पंपिंग किती, आणि कितव्या पायरीला आवळतं, ते सांगा.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बँकवाल्याच्या मनात येणारच. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली; औषधाचा लेप असलेला स्टेंट, ज्याला लाखाच्या वर पडायचे, तो तेव्हा ₹२९,६०० वर आला. मर्यादा अजून आहे, आकडा बदलत असतो. बिल स्टेंटवर थांबत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक लेखी मागा.

झोपेचं म्हणाल तर अडथळा अँजिओग्राफीच्या आदल्या रात्रीही सत्तरच टक्के होता आणि तेव्हा तुम्ही घोरत होतात.

वडील ६० वर्षांचे, रोज दोन कट्टे बिडी. दोनशे पावलं चालले की उजवी पोटरी वळते, थांबले की सुटते. गावात सायटिका म्हणून शेक दिला. हे हृदयाच्या डॉक्टरांचं काम आहे का? – एक वाचक, औसा

बार्शीच्या ताईंचं पत्र वाचलंत? हा पोटरीचा अंजायना आहे. चाललं की येतो, थांबलं की जातो. रक्तवाहिन्या काही छातीपुरत्या नसतात. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करतात, तो ०.९ च्या खाली आला की पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असं धरतात. कार्डिओलॉजिस्ट किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन, जे जवळ असतील ते चालतील. पाय दाखवायला नेलात तरी छाती तपासल्याशिवाय परत आणू नका. पायाच्या नळ्या बुजतात त्या माणसाच्या हृदयाच्याही बहुधा बुजत असतात.

बिडी बंद, अर्धी नाही. चालणं मात्र बंद करायचं नाही : हृदय तपासून झालं की पोटरी वळेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं. रोज अर्धा तास. अंतर वाढत जातं. पण रात्री झोपेत पाय ठणकू लागला आणि खाटेखाली लोंबकळत सोडल्यावरच बरं वाटू लागलं, किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी निघा. अनवाणी शेतात जाऊ देऊ नका.

मी दुबईत असतो. रत्नागिरीत आईला चार महिन्यांपूर्वी झटका आला, स्टेंट टाकला. आता दाढ काढायची आहे आणि डेंटिस्ट रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या सात दिवस बंद करा म्हणतात. – एक वाचक

बंद करू नका. नव्या स्टेंटवर गुठळी धरू नये म्हणून त्या दोन गोळ्या आहेत. झटक्यानंतर साधारण वर्षभर चालतात. चौथ्या महिन्यात दोन्ही एकदम थांबवणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला बोलावणं. एक दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते. दाबून धरणं, टाका, तिथल्या तिथं रक्त थांबवायची औषधं, सगळं असतं. डेंटिस्टना आणि स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना आजच एका फोनवर घ्या. तुम्ही दुबईतून ते करू शकता.

मिश्रीनं दात खराब होतात हे माहीत आहे. हृदयाचा काय संबंध? – एक वाचक, कराड

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी वाढतं, नळ्या आकसतात. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीच्या आसपास दिसला. माझी आईही लावायची. पहाटे तव्यावर मिश्री भाजल्याचा वास अजून नाकात आहे. तिनं सोडली तेव्हा पहिले दहा दिवस घरात कुणी तिच्याशी बोलायला धजावत नव्हतं. दहा दिवसच. डबी घरात ठेवू नका, ‘शेजारणीकडे ठेवायला दिली’ हेही चालणार नाही.