वकिलाच्या वेबसाईटवर भरलेली माहिती जाते कुठं?

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. वडील गेल्यावर शेतात माझा वाटा आहे का ते विचारायचं होतं. गावात कुणाला विचारलं तर संध्याकाळच्या आत भावाच्या कानावर जाणार, म्हणून मोबाईलवर एका मोठ्या लॉ फर्मची वेबसाईट उघडून फॉर्म भरला. नाव, नंबर, घरची सगळी हकीकत लिहिली, वर उतारा आणि आधारचा फोटोपण जोडला. आता झोप लागेना. हे सगळं कोण वाचणार? भावाला कळेल का? काय करू सांगा की.

उत्तर : ताई, आधी भावाचं बोलू, कारण झोप त्यानंच उडालीय. फर्म तुमच्या भावाला फोन करून सांगायला जाणार नाही. धोका असलाच तर तो घरात आहे. फॉर्म भरला की बहुतेक वेबसाईट "आपली चौकशी मिळाली" असा मेल आपोआप पाठवते आणि कधीकधी त्यात तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर परत छापलेला असतो. तो जीमेल भावाच्या किंवा भाच्याच्या मोबाईलवरही चालू असेल तर तिथं वाचायला मिळणार. म्हणून आजच तो मेल आणि मोबाईलमधली ब्राउझरची हिस्टरी पुसा, आणि पासवर्ड बदलून बाकीच्या मोबाईलवरचं अकाउंट साइन आउट करा.

आता सबमिट दाबल्यावर काय होतं ते. तुमचा मजकूर फर्मच्या मेलवर जातो, बऱ्याच ठिकाणी त्याची एक प्रत वेबसाईटच्या डेटाबेसमध्येही राहते, आणि तो डेटाबेस ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असतो ती वेगळीच कंपनी असते. मेल पहिल्यांदा उघडतो तो बहुतेक वेळा मोठा वकील नसतो, ऑफिस सांभाळणारी व्यक्ती किंवा ज्युनिअर असतो. शिवाय तुम्ही काही न भरताही तुमचा आयपी अॅड्रेस म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर, मोबाईलचा प्रकार, कुठलं पान किती वेळ बघितलं हे नोंदलं जातं, आणि कोण काय बघतंय ते मोजणारं गुगलचं अॅनालिटिक्स बसवलेलं असेल तर ते गुगलकडंही जातं.

आपल्याला वाटतं वकिलाला सांगितलं म्हणजे विहिरीत दगड टाकला. वकील-पक्षकाराचं बोलणं गुप्त ठेवायचा कायदा आहेच, आधी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे, आणि त्यात वकिलाचे क्लार्क, नोकरमाणसंपण येतात. पण हे संरक्षण वकील म्हणून तुमचं काम करताना त्याला जे कळलं त्याला आहे. नुसता फॉर्म भरला आणि कुणी काम हातात घेतलं नाही तर ते लागू आहे का यावरच वाद होऊ शकतो. बऱ्याच फर्म वेबसाईटच्या तळाला बारीक अक्षरात लिहूनच ठेवतात की फॉर्म भरल्यानं तुम्ही आमचे पक्षकार होत नाही. आणि समजा तुमचा भाऊ आधीच त्यांच्याकडं गेलेला असला तर? म्हणून पहिल्या निरोपात फक्त नाव, नंबर, समोरच्या माणसाचं नाव आणि "शेतजमिनीचा वाटा" एवढंच लिहायचं. विरुद्ध बाजूचं काम आमच्याकडं नाही, असं त्यांनी सांगितल्यावर मगच हकीकत.

उताऱ्याची काळजी नको. कर्नाटकात सर्व्हे नंबर टाकला की 'भूमी' या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साईटवर तो कुणालाही दिसतो. आधारची मात्र काळजी करा. पहिल्या चौकशीला आधार लागतच नाही आणि मागितलंच तर शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क केलेलं आधार द्यायचं.

दिलेलं परत काढायचं तर त्यांना सरळ मेल करा, मराठीतच करा : "अमुक तारखेला मी तुमच्या वेबसाईटवर फॉर्म भरला होता. मला पुढं जायचं नाही. माझी सगळी माहिती आणि जोडलेले कागद तुमच्या मेलमधून, वेबसाईटवरून आणि बॅकअपमधून काढून टाका आणि काढल्याचं कळवा." मेल कुणाला करायचा? २०११ चे आयटी नियम आहेत, त्याप्रमाणं वेबसाईटवर प्रायव्हसी पॉलिसी आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क टाकायला लागतो, त्यानं महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. आम्ही वकील आहोत, कंपनी नाही, असं म्हणून चालत नाही, कायद्याच्या व्याख्येत व्यवसाय करणाऱ्या फर्मपण येतात.

नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. त्यातली एक गोष्ट मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. माहिती कशासाठी घेतोय ही नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत बघायचा पर्याय माणसाला द्यावा लागणार. त्यात कन्नड आहे तशी मराठीपण आहे. इथं आपल्या बायका न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करत आल्यात, कधी तलाठ्याकडं, कधी बँकेत. आता मोबाईलवर तरी तसं होऊ देऊ नका, मराठीत मागायचं आणि बिनधास्त मागायचं.

आणि ताई, तुमचा मूळ प्रश्न. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली आणि मृत्युपत्र नसलं तरी मुलगी वारस आहेच. फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन लावा, विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

प्रश्न : वकिलांची वेबसाईट उघडली की आधी "आय अॅग्री" दाबायला लागतं. मी न वाचताच दाबलो. कशाला हो म्हटलं मी? — एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, ते बहुतेक बार कौन्सिल म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या नियमासाठी असतं. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, २००८ पासून वेबसाईटवर नाव, पत्ता, नोंदणी नंबर, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं टाकायची मुभा आहे, म्हणून "मी स्वतःहून आलोय, मला कुणी बोलवलं नाही" असं तुमच्याकडून वदवून घेतात. त्यानं तुमची माहिती वापरायची परवानगी मिळत नाही. कुकीजची, म्हणजे वेबसाईट आपल्या मोबाईलवर ठेवते त्या छोट्या नोंदींची पट्टी वेगळी असते, खाली येते, तिथं "रिजेक्ट" दाबलं तरी वेबसाईट चालते. आणि फॉर्मच्या खालच्या चौकोनात आधीच टिक मारून ठेवली असेल तर काढा. नव्या कायद्यात संमती म्हणजे तुम्ही स्वतः केलेली स्पष्ट कृती, दुसऱ्यानं मारून ठेवलेली टिक त्यात बसत नाही.

प्रश्न : "मोफत कायदेशीर सल्ला" म्हणून एका साईटवर नंबर दिला, त्या दिवसापासून कर्जवाल्यांचे फोन सुरू झालेत. वकील असं करतात का? — एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : ती वकिलाची साईट नसावी, नंबर गोळा करून विकणारं पोर्टल असावं. पुढच्या वेळी नंबर द्यायच्या आधी वकिलाचं नाव आणि नोंदणी नंबर शोधा, कर्नाटकातल्या वकिलाचा "केएआर"नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्याचा "एमएएच"नं. दोन्ही दिसत नसेल तर बाहेर पडायचं. आता १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद करायची सोय लावा, तरी फोन आले तर नंबर आणि तारीख लिहून तिथंच तक्रार करा. कुणाला ओटीपी सांगितला असेल, पैसे गेले असतील, तर वाट बघू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा.